धंद्यासाठी जुना लॅपटॉप: घेताना पाऊण तास, घेतल्यावर एक आठवडा

नवा कोरा स्वस्त लॅपटॉप आणि साधारण त्याच किमतीत मिळणारा, कुठल्यातरी मोठ्या कंपनीत चार-पाच वर्षं राबलेला ऑफिसचा लॅपटॉप एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा. नव्याचं झाकण एका कोपऱ्याला धरून उचललं की पडदा पिळवटतो, कीबोर्डच्या मध्यावर बोट दाबलं की सगळी पट्टी खाली जाते. जुन्यावर ओरखडे असतील, कंपनीचं स्टिकर खरवडून काढल्याची खूण असेल, पण बिजागरी घट्ट आणि कीबोर्ड ठणठणीत. बिलं, हिशेब, ईमेल, ब्राउझरमध्ये उघडे पंधरा टॅब आणि मधेच एखादा व्हिडिओ कॉल, असं ज्यांचं काम आहे त्या दोन-चार माणसांच्या धंद्याला मी नेहमी दुसराच सुचवतो. अट एकच, तो तपासून घ्यायचा. ही तपासणी पाऊण तासात होते आणि तिला खास तंत्रज्ञ लागत नाही.

इतके जुने लॅपटॉप एकदम आले कुठून?

मोठ्या कंपन्या लॅपटॉप बऱ्याचदा लीजवर घेतात आणि तीन-चार वर्षांनी एकगठ्ठा बदलतात. हा ओघ कायमचाच. त्यात भर पडली ती १४ ऑक्टोबर २०२५ची. त्या दिवशी विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. त्यामुळे बाजारात आता दोन ढीग आहेत. एक, लीज संपलेल्या, विंडोज ११ नीट चालवणाऱ्या मशीनचा. दुसरा, विंडोज ११च्या यादीत बसत नाहीत म्हणून काढून टाकलेल्या मशीनचा. जाहिरातीत हे दोन्ही ढीग एकाच पानावर, सारख्याच चकचकीत फोटोंसह दिसतात. दुसऱ्या ढिगातल्या मशीनवर कुणीतरी आडवाटेने विंडोज ११ चढवून ठेवलेलं असतं. ते चालतं, पण पुढचं मोठं अपडेट येईल की नाही याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. धंद्याची कागदपत्रं असल्या भरवशावर ठेवू नयेत.

आणि ‘एआय पीसी’चं काय? मायक्रोसॉफ्टने २०२४मध्ये कोपायलट प्लस पीसी नावाची श्रेणी आणली. तिच्यात बसायला सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करणारी एनपीयू चिप, १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी साठवण लागते. ही चिप मशीनच्या आतच होणाऱ्या कामांना उपयोगी पडते: कॉलमध्ये मागची भिंत धूसर करणं, बोलणं ऐकून लगेच मजकूर दाखवणं, अशी. मात्र पत्रांचे मसुदे लिहून घ्यायला किंवा तक्त्याचा अर्थ विचारायला तुम्ही जी एआय चॅट वापरता, ती दूरच्या सर्व्हरवर चालते. तुमच्याकडे लागतो तो फक्त ब्राउझर. तेव्हा एनपीयू नाही म्हणून जुना लॅपटॉप नाकारायचं कारण मला तरी दिसत नाही.

पहिली पायरी: नाव आणि आकडा वाचा

घरगुती आणि ऑफिससाठीच्या मालिका वेगळ्या असतात. लेनोव्होची थिंकपॅड, डेलची लॅटिट्यूड, एचपीची एलिटबुक आणि तिच्या एक पायरी खालची प्रोबुक ही ऑफिसची नावं. (थिंकपॅड मूळची आयबीएमची, १९९२ची. २००५मध्ये ती लेनोव्होकडे गेली. डेलने जानेवारी २०२५मध्ये लॅटिट्यूड हे नाव बदलायचं ठरवलं, पण जुन्या बाजारात अजून काही वर्षं तेच ऐकू येईल.) या मालिकांचा मोठा फायदा म्हणजे दुरुस्ती. एकेक स्क्रू कुठे आहे हे दाखवणारी सर्व्हिस मॅन्युअल तिन्ही कंपन्या आपल्या साइटवर मोफत ठेवतात. लाखो मशीन विकल्या गेल्यामुळे बॅटरी, कीबोर्ड, बिजागऱ्या हे सुटे भागही मिळतात.

मग प्रोसेसरचा आकडा. विक्रेता ‘आय-सेव्हन आहे’ एवढंच सांगून थांबतो. खरी माहिती पुढच्या आकड्यात असते. आय५-८३५०यू म्हणजे आठवी पिढी, आय७-७६००यू म्हणजे सातवी. इथे एक गंमत आहे. सातव्या पिढीपर्यंत लॅपटॉपच्या यू-मालिकेतल्या आय-सेव्हनमध्येही दोनच कोअर (म्हणजे एकाच वेळी काम करणारे भाग) होते. २०१७मध्ये आठवी पिढी आली आणि साध्या आय-फाइव्हला चार कोअर मिळाले. म्हणजे आठवीचा आय-फाइव्ह सातवीच्या आय-सेव्हनला कामात मागे टाकतो, वर विंडोज ११च्या यादीतही बसतो. एएमडीचा रायझेन असेल तर लॅपटॉपमध्ये ३००० मालिका किंवा पुढची बघा. शंका आली तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवर प्रोसेसरची अधिकृत यादी आहे, तिथे नेमका आकडा शोधायला दोन मिनिटं लागतात.

याच्या समोर नव्या स्वस्त लॅपटॉपमध्ये काय असतं? पुष्कळदा सेलेरॉन एन४०२०सारखा दोन कोअरचा प्रोसेसर, बोर्डवर कायमची डकवलेली ४ जीबी रॅम आणि एसएसडी या वेगवान साठवणीऐवजी ६४ जीबी ईएमएमसी ही संथ साठवण. विंडोज आणि तिची अपडेटं यांनीच त्यातली निम्मी जागा खाल्ली की उरलं काय? इंटेल एन१००चे नवे लॅपटॉप मात्र याला अपवाद. चार कोअर आहेत, वीज कमी खातात, आणि ८ जीबी रॅमसह मिळत असतील तर हलक्या कामाला ठीक आहेत.

रॅम ८ जीबीपेक्षा कमी नको, १६ असेल तर उत्तम. ‘नंतर वाढवू’ हा विचार पूर्वी बरोबर होता. पण एआय डेटा सेंटरांच्या मागणीमुळे २०२५च्या अखेरीस मेमरीच्या किमती बऱ्याच चढल्या. त्यामुळे आधीच १६ जीबी बसवलेलं मशीन थोडं महाग वाटलं तरी शेवटी स्वस्त पडू शकतं. रॅम वाढवता येते का हेही मॉडेलवर ठरतं. थिंकपॅड टी४८० आणि एलिटबुक ८४० जी५ यांत रॅमचे दोन स्लॉट असतात, तर एक्स१ कार्बनसारख्या सडपातळ मॉडेलांत रॅम बोर्डवरच डकवलेली. नावात एका अक्षराचा फरकही महागात पडतो: टी४८०मध्ये दोन स्लॉट, टी४८०एसमध्ये एकच, बाकीची रॅम डकवलेली.

पडद्याबाबत एकच लक्षात ठेवा. एकाच मॉडेलमध्ये चांगला आणि वाईट दोन्ही पडदे निघालेले असतात. १९२० बाय १०८० आणि आयपीएस (बाजूनेही रंग नीट दिसणारा पडदा), हे दोन शब्द विक्रेत्याकडून लेखी घ्या. १३६६ बाय ७६८चा टीएन पडदा जरा बाजूने बघितला की रंग उलटे दिसतात, आणि त्यावर दिवसभर हिशेबाचे तक्ते वाचणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा.

दुसरी पायरी: घेण्याआधी चार गोष्टी मागून घ्या

सीरियल नंबर, बॅटरी रिपोर्टचा फोटो, परत करण्याची मुदत आणि ‘बायोसला पासवर्ड नाही’ असं लेखी. (बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणारं, मशीनच्या मूळ सेटिंगचं सॉफ्टवेअर.) सीरियल नंबर उत्पादकाच्या साइटवर टाकला की मशीन मुळात कधी विकलं गेलं, वॉरंटी उरली आहे का, आणि अनेकदा कारखान्यातून निघताना त्यात काय काय होतं तेही कळतं. हे चार मागताच ज्याचा सूर बदलतो त्याच्याकडून घेऊ नका. चांगल्या विक्रेत्याकडे हे फोटो तयारच असतात.

तिसरी पायरी: मशीन हातात आल्यावर

आधी बंद मशीन सपाट टेबलावर ठेवा. चारही पाय टेकतात का? टचपॅड मधे फुगल्यासारखं वाटतं का, दाबताना कडक लागतं का? तसं असेल तर आत बॅटरी फुगलेली असू शकते. फुगलेली बॅटरी चार्ज करून बघायची नाही, दाबून तर मुळीच नाही. बॅटरी बदलून देत असतील तर ठीक, नाहीतर मशीन परत.

मग चालू करा, पण विंडोजमध्ये जाऊ नका. सुरू होताना थिंकपॅडवर एफ१, डेलवर एफ२, एचपीवर एफ१० दाबलं की बायोस उघडतं. पासवर्ड मागितला तर तिथेच थांबा. न मागता उघडलं तरी एखादी सेटिंग बदलून बघा, कारण काही वेळा पाहायला मोकळीक असते आणि बदलायला कुलूप. आत दिसणारा सीरियल नंबर तळाच्या लेबलाशी जुळवा. जुळला नाही तर दोन मशीनची मिळून एक केलेली आहे. ते वाईटच असेल असं नाही, पण मग विक्रेत्याने आपणहून सांगायला हवं होतं. इथेच ‘अ‍ॅब्सोल्यूट’ किंवा ‘कॉम्प्युट्रेस’ नावाची ओळ असते. मोठ्या कंपन्या चोरीपासून बचाव म्हणून ती सेवा वापरतात आणि ती फर्मवेअरमध्येच, म्हणजे मशीनच्या चिपमधल्या कायमच्या सॉफ्टवेअरमध्ये, बसते. ती ‘अ‍ॅक्टिव्ह’ किंवा ‘अ‍ॅक्टिव्हेटेड’ दिसली तर मशीनवर जुन्या मालकाचा ताबा अजून शिल्लक असू शकतो.

कुलुपाची पुढची तपासणी सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच बहुतेक जण करत नाहीत. मीही केली नव्हती. एकदा एक छान एलिटबुक घेतलं. बॅटरी चांगली, पडदा चांगला, विंडोज चालू. आठवड्याने मनासारखी साफसफाई करावी म्हणून विंडोज नव्याने टाकलं, वायफाय जोडलं, आणि पडद्यावर एका अनोळखी कंपनीच्या नावाने स्वागत होऊन तिचा ईमेल आणि पासवर्ड मागण्यात आला. कंपन्या आपले लॅपटॉप मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलट सेवेत नोंदवतात. ती नोंद मशीनच्या हार्डवेअरच्या ठशाशी जोडलेली असते, त्यामुळे एसएसडी बदलली किंवा विंडोज दहा वेळा टाकलं तरी ती जात नाही. ज्या कंपनीने नोंदवलं तिनेच ती काढावी लागते. विक्रेत्याने महिनाभर आश्वासनं दिली आणि शेवटी मशीन बदलून दिलं. तेव्हापासून मी विक्रेत्यासमोरच रीसेट करायला लावतो. रीसेटनंतरच्या पहिल्या सेटअपमध्ये इंटरनेट जोडायचंच. न जोडता पुढे गेलात तर ही नोंद दिसतच नाही. अ‍ॅपलच्या लॅपटॉपवरही हाच प्रकार असतो, तिथे अ‍ॅक्टिव्हेशन लॉक आणि कंपनीचं रिमोट मॅनेजमेंट बघायचं.

इथवर सगळं ठीक निघालं तर विंडोजमधली तपासणी सोपी.

बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि इंग्रजी छोट्या अक्षरांत ‘पॉवरसीएफजी’, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला चिकटून ‘बॅटरीरिपोर्ट’ असं टाइप करा. एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली तेही दिसतं. तिच्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात. समजा पहिला ५०,००० आणि दुसरा ३६,०००, तर बॅटरीत ७२ टक्के जीव उरलाय. ७० टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत व्यवहारातून वजा करायला सांगा. ९८-१०० टक्के दिसलं तर बॅटरी बहुधा बदललेली आहे. तसं असेल तर ती मूळ कंपनीची आहे की दुसऱ्या कुणाची, हे विचारा. आणि नुसत्या रिपोर्टवर थांबू नका. चार्जर काढून वीस मिनिटं मशीन वापरा. टक्का हळूहळू खाली यायला हवा, ६०वरून एकदम ३५वर उडी नको.

एसएसडीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर टाका. आरोग्याची टक्केवारी, किती तास चालली आणि एकूण किती डेटा लिहिला गेला, हे सगळं एका खिडकीत दिसतं. तुलनेला सांगतो, सॅमसंग ९७० एव्होच्या २५० जीबी एसएसडीला कंपनीने १५० टेराबाइट लिखाणाची हमी दिली होती. ऑफिसातल्या मशीनवर चार-पाच वर्षांत वीस-तीस टेराबाइट लिहिले गेले असतील तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. टक्केवारीसोबत ‘कॉशन’ असं पिवळं दिसलं तर मात्र एसएसडी नवीच टाकायची असं धरून चला.

कीबोर्डची प्रत्येक कळ नोटपॅडमध्ये दाबून बघा, स्पेसबारची दोन्ही टोकंही. पडदा आधी पूर्ण पांढरा करा, मग पूर्ण काळा: पांढऱ्यावर डाग दिसतात, काळ्यावर कडेने झिरपणारा उजेड. कॅमेरा आणि माइक रेकॉर्ड करून तपासा. या वयाच्या मशीनचा कॅमेरा बहुधा ७२०पीच असतो, ते गृहीत धरा. पोर्ट एकेक करून पेनड्राइव्ह लावून बघा.

गरमपणासाठी मोठ्या रिझोल्यूशनचा व्हिडिओ पंधरा मिनिटं चालू ठेवा आणि टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर प्रोसेसरचा वेग पाहत राहा. वेग वर-खाली व्हायला हवा. तो ०.४ किंवा ०.८ गिगाहर्ट्झवर खिळून बसला असेल तर काहीतरी त्याला दाबून ठेवतंय. अशा वेळी आधी चार्जर बघा. डेलचे अनेक लॅपटॉप अनोळखी चार्जर लावला की सुरू होतानाच तक्रारीचा संदेश देतात, प्रोसेसर मुद्दाम मंद करतात आणि बॅटरी चार्ज करत नाहीत. लोक मदरबोर्ड गेला म्हणून हताश होतात, आणि दोष निघतो चार्जरच्या पिनेत.

यूएसबी-सीवर थोडा जास्त वेळ घालवा. चार्जर लावून पिन हळूच हलवा, चार्जिंग तुटता कामा नये. २०१७ ते २०१९च्या काही थिंकपॅडमध्ये, हा पोर्ट सांभाळणाऱ्या थंडरबोल्ट चिपच्या फर्मवेअरमध्ये दोष होता. त्यामुळे पुढे यूएसबी-सी पोर्ट कामातून जाऊ शकतो, आणि लेनोव्होने त्यासाठी दुरुस्त फर्मवेअर दिलेलं आहे. पोर्ट चालत असतानाच ते अपडेट टाकायचं असतं, गेल्यावर नाही. टी४८० घेणाऱ्याने पहिल्या दिवशीच हे काम उरकावं.

चौथी पायरी: पहिला आठवडा

घरी किंवा ऑफिसात आणल्यावर विंडोज स्वतःच्या हाताने नव्याने टाका, विक्रेत्याने टाकलेलं कितीही नीट दिसलं तरी. ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि मायक्रोसॉफ्टचं मोफत मीडिया क्रिएशन टूल पुरतं. लायसन्स विकत घ्यावं लागेल का, हा प्रश्न हमखास येतो. विंडोज ८च्या काळापासून कंपनीच्या मशीनची लायसन्स की फर्मवेअरमध्येच साठवलेली असते, त्यामुळे मूळची आवृत्ती (होम किंवा प्रो) टाकली की इंटरनेट मिळताच विंडोज आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. ऑफिसच्या मालिकांत ती बहुधा ‘प्रो’ असते आणि तिच्यात डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारं बिटलॉकर येतं. ते चालू करा आणि रिकव्हरी की कागदावर छापून लॅपटॉपपासून लांब ठेवा. की हरवली तर डेटा तुम्हालाही परत मिळणार नाही.

मग बायोस आणि फर्मवेअरची अपडेटं. लेनोव्होवर व्हँटेज, डेलवर कमांड अपडेट, एचपीवर सपोर्ट असिस्टंट. हे करताना चार्जर लावलेला असू द्या. त्याच ठिकाणी किंवा बायोसमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते. मशीन दिवसभर टेबलावर जोडलेलंच राहणार असेल तर ती चालू करा, बॅटरी पुष्कळ जास्त टिकते.

आता वाचलेल्या पैशांचं काय करायचं? मी आधी मोठा मॉनिटर घेईन. २४ इंची साध्या फुल एचडी मॉनिटरने कामाच्या वेगात जो फरक पडतो, तो प्रोसेसर बदलून पडत नाही. मॉनिटर सेकंडहँड घ्यायलाही हरकत नाही, त्यात झिजणारं फारसं काही नसतं. त्यानंतर बॅकअपसाठी बाहेरची डिस्क, ती मात्र नवी. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी: हा नियम जुना आहे आणि अजून त्याला तोड नाही. लॅपटॉपमधली एक, डिस्कवरची दुसरी, क्लाउडवरची तिसरी, एवढ्यात तो पाळला जातो.

चार्जर यूएसबी-सीचा घेणार असाल तर ६५ वॉटचा एकच चार्जर लॅपटॉप आणि फोन दोन्हींना चालतो. केबलकडे मात्र लक्ष द्या. ३ अँपियरच्या वर प्रवाह न्यायचा तर केबलमध्ये ओळख सांगणारी एक चिप असावी लागते. २० व्होल्टला ३ अँपियर म्हणजे ६० वॉट, म्हणून साध्या केबलने ६५ वॉटचा चार्जर ६०च्या पुढे जात नाही. ‘१०० वॉट’ किंवा ‘५ अँपियर’ लिहिलेली केबल घेतली की प्रश्न मिटतो.

काही वस्तू जुन्या घेऊच नयेत. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या, कारण आतलं वय दिसत नाही. ज्याची सुरक्षा अपडेटं थांबली आहेत असा राउटर, मग तो कितीही चांगला चालत असो. आणि अविश्वसनीय स्वस्तात मिळणारा २ टीबीचा पेनड्राइव्ह, मग तो नवा म्हणून मिळाला तरी. असे अनेक पेनड्राइव्ह आतून ३२ किंवा ६४ जीबीचे असतात आणि खोटा आकडा दाखवतात. जागा भरली की पुढच्या फाइली गुपचूप नष्ट होतात. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर पूर्ण जागा भरून आणि परत वाचून खरं माप सांगतं. बराच वेळ लागतो, लागू द्या.

जुना लॅपटॉप कुणी घेऊ नये तेही सांगतो. रोज व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याला किंवा मोठी त्रिमितीय ड्रॉइंग उघडणाऱ्याला आठव्या पिढीचं मशीन अपुरं पडेल. दिवसभर फिरतीवर, प्लगपासून लांब काम करणाऱ्यालाही नव्या पिढीच्या बॅटरीचा फायदा खरोखर होतो. आणि ज्याच्या धंद्यात मशीन एक दिवस बंद पडणंही परवडत नाही, त्याने जागेवर येऊन दुरुस्ती करणाऱ्या वॉरंटीसह नवंच घ्यावं, किंवा त्याच पैशांत दोन जुनी घेऊन एक कपाटात तयार ठेवावं. मी दुसरं करतो.

आठवडाभर रोजचं काम याच मशीनवर करा, तुमचं आधीचं मशीन शेजारी असलं तरी. झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर ते जागं होतं का, लांबलेल्या व्हिडिओ कॉलमध्ये पंखा किती ओरडतो, वायफाय मधेच सुटतं का, या गोष्टी पाऊण तासात कळत नाहीत. काही सापडलं तर परतीच्या मुदतीतच विक्रेत्याला लेखी कळवा, सोबत सीरियल नंबर असलेलं बिल जोडा. मुदत संपेपर्यंत खोकं आणि आतलं पॅकिंग टाकून देऊ नका.